इस्राएली पासपोर्टवर आलेली अरब पाहुणी, आणि तिची बहीण जिला कुठलाच देश नाही

माडांच्या_सावलीत (हरमल)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण वाचाच. आमच्या हरमलला थोड्या खोल्या आहेत भाड्याने द्यायच्या, मी आणि सासूबाई मिळून बघतो. सीझनला इस्राएलची पोरं येतात, आर्मी संपवून आलेली, घोळक्याने राहतात, त्यांची आम्हाला सवय आहे. गेल्या सीझनला मात्र एक मुलगी एकटीच आली, पासपोर्ट इस्राएलचा, नाव अरबी. हायफाची, तिथे इस्पितळात नर्स आहे. शेजारच्या खोलीतल्या पोरांशी हिब्रूत मस्त गप्पा मारत बसायची, मग एकाने विचारलं तू कुठल्या युनिटला होतीस, ही म्हणाली मी आर्मी केली नाही, मी अरब आहे. भांडण काही झालं नाही, कोणी वाईट शब्द बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती पोरं हिच्या बाजूला बसेनात आणि ही आमच्या रांदचे कुडीत, म्हणजे स्वयंपाकघरात, येऊन बसायला लागली.

सासूबाईंनी आपल्याकडे विचारतात तसंच सरळ विचारलं, "तूं कोणांतली गो बाय?" मी ते मोडक्या इंग्लिशमध्ये तिला सांगितलं. ती म्हणाली पासपोर्ट इस्राएलचा आहे पण मला इस्राएली अरब म्हणू नका, मी पॅलेस्टिनी आहे, माझा पणजोबा हायफातलाच. मग बरंच बोलली. तिच्या मोठ्या बहिणीला नवरा मारतो. घरचे म्हणतात पोलिसात नको, ते पोलीस आपले नाहीत, आपल्या पोरांना धरून नेतात ते हेच. आणि ती कामावर हे कोणाला सांगू शकत नाही कारण लगेच समोरचा म्हणणार, बघा, अरब असेच असतात बायकांच्या बाबतीत. म्हणजे बोललं तर आपल्या माणसांची नाचक्की आणि गप्प बसलं तर बहीण मार खाते. हे ती इतक्या शांतपणे सांगत होती की मला काय बोलावं सुचेना, मी आपली नारळ खवत राहिले.

आता ती परत येतेय जानेवारीत, आणि सोबत तिची बहीण, म्हणजे आजोबांच्या भावाची नात. तिच्या घरचे १९४८ ला हायफातून बोटीने पळाले ते लेबनॉनवरून सिरियाला पोचले, दमास्कसच्या यार्मूक कॅम्पमध्ये. तिथून ती युद्धात जर्मनीला गेली, आश्रय मागितला. दोघी पहिल्यांदा भेटल्या त्या बर्लिनला, तिशी ओलांडल्यावर! तिच्याकडे पासपोर्ट नाही, जर्मनीने दिलेला निळा का करडा कसला तरी कागद आहे. ही डोकं झाकते, आमची हायफावाली नाही झाकत.

तर दोन प्रश्न. एक साधा, फॉर्म सी मध्ये (परदेशी पाहुणा राहायला आला की सरकारला कळवायचा तो) त्या दुसरीचं राष्ट्रीयत्व काय लिहायचं? आणि दुसरा जास्त महत्त्वाचा, एकाच घरातल्या दोन पोरी आणि एक ह्या देशाची, एक कुठलीच नाही, हे नक्की काय प्रकरण आहे ते मला नीट समजून घ्यायचंय. त्या आमच्याकडे राहणार, जेवणार, मला त्यांच्याशी माणसासारखं बोलायचंय.

मास्तर_फोंडा

ताई, प्रश्न आवडला. मी इतिहास शिकवायचो म्हणून थोडं लांब लिहितो.

१९४८ मध्ये इस्राएल झालं तेव्हा साधारण सात लाख पॅलेस्टिनी अरब बाहेर फेकले गेले, पळाले म्हणा किंवा हाकलले म्हणा, दोन्ही झालं. त्याला ते नकबा म्हणतात. पण दीडेक लाख तिथेच राहिले आणि त्यांना पुढे इस्राएलचं नागरिकत्व मिळालं. तुमची हायफावाली त्यांची पणती. आज ते लोक इस्राएलच्या लोकसंख्येत पाचातले एक आहेत, त्यात मुसलमान जास्त, मग ख्रिश्चन, आणि द्रूझ नावाचा एक वेगळा धर्मपंथ. नागरिक म्हटलं तरी १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल होता, एका गावातून दुसऱ्या गावाला जायला परवाना लागायचा. मतदानाचा हक्क होता, आणि शेजारच्या गावी मावशीकडे जायला पास, हे दोन्ही एकाच वेळी!

आर्मीचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. द्रूझ पुरुषांना १९५६ पासून सक्तीची भरती आहे, बाकी अरबांना नाही. आता त्या देशात ओळखी, नोकरी, मैत्री, सगळं आर्मीतून सुरू होतं, त्यामुळे कुठल्या युनिटला होतीस हा साधा प्रश्न वाटतो पण त्यात सगळं कळतं. २०१८ ला त्यांनी एक मूलभूत कायदा केला, त्यात राष्ट्र म्हणून स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंचा असं लिहिलं आणि अरबीचा राजभाषेचा दर्जा काढून 'विशेष दर्जा' ठेवला. गोव्यातल्या माणसाला हे लगेच कळावं, १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी आपल्याकडे भाषेवरून घरं फुटली होती, भाऊ भावाशी बोलत नव्हता. आम्ही घरात कोंकणी बोलतो, देवळात आरती मराठीत, शाळा मराठी, आणि दोन्हीकडून ऐकून घेतो की तुम्ही नक्की कुणाचे. पण तुलना इथेच थांबवतो, कारण माझं घर कोणी पाडलं नाही. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात बदुइनांची, म्हणजे पूर्वीच्या भटक्या अरब टोळ्यांची, कितीतरी गावं सरकार मान्यच करत नाही, वीज नाही, पाण्याचं कनेक्शन नाही, अल-अराकिब नावाचं एक गाव तर दोनशेहून जास्त वेळा पाडलंय.

दुसऱ्या मुलीचं. यार्मूक हा १९५७ ला वसलेला, कॅम्प म्हणायचा पण खरं तर दमास्कसचं उपनगरच, युद्धाआधी तिथे दीड लाखाहून जास्त पॅलेस्टिनी होते. सिरियाने त्यांना नोकरी, शिक्षण जवळपास सिरियन माणसासारखंच दिलं, पण नागरिकत्व दिलं नाही. म्हणून ती सिरियात जन्मली तरी सिरियन नाही. मग वेढा पडला, लोक उपाशी राहिले. ती जर्मनीत पोचली तेव्हा बाकीचे सिरियातून आलेले 'सिरियन निर्वासित', आणि ही निर्वासितांमधली निर्वासित.

डिचोलीकर

ताई राग मानू नका. मास्तरांनी छान लिहिलं पण एक बाजू राहिली. त्या मुलीची बहीण मार खाते त्याला इस्राएल काय करणार, तो तिचा नवरा मारतो ना? अरब देशांत बायकांचे काय हाल आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, उलट इस्राएलमध्ये ती शिकली, नर्स झाली, एकटी गोव्याला येते. सगळं राजकारणावर ढकललं की घरातला पुरुष सुटतो असं मला वाटतं. मला तीन बहिणी आहेत म्हणून बोलतोय.

लोदला_होते (सावंतवाडी, आता म्हापसा)

डिचोलीकर भाऊ, घरातला पुरुष सुटू नये हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण तो सुटतो कसा ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहिते.

मी इस्राएलमध्ये लोदला एका आजींची देखभाल करायला होते, केअरगिव्हर म्हणून. आजी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, अलिबागकडच्या, पन्नास वर्षं तिथे राहून माझ्याशी अस्सल आगरी वळणाची मराठी बोलायच्या, म्हणून तर मला ते काम मिळालं. लोद हे मिश्र गाव आहे, तीनेक भागांतला एक भाग अरब वस्ती, १९४८ ला तिथल्या बहुतेक अरबांना हाकललं होतं, जे उरले त्यांची आणि नंतर बाहेरून आलेल्यांची वस्ती. आमच्या खालच्या मजल्यावर अरब कुटुंब, त्यांची सून माझ्याकडे अंडी साखर मागायला यायची. एकदा तिचा चेहरा सुजलेला. मी म्हटलं पोलिसांना फोन करूया. ती म्हणाली, मागच्या गल्लीत गोळीबार झाला, तीन वेळा फोन केला, आले का? आले नाहीत. मग माझ्यासाठी येतील का? आणि आले तर माझ्या दिराचे कागद तपासतील, घराचं बांधकाम बेकायदा म्हणून नोटीस लावतील, मग सगळं घर माझ्यावर उलटेल.

हे खोटं नाही हो. २०२३ मध्ये इस्राएलच्या अरब समाजात दोनशेच्या वर माणसं खून होऊन मेली, त्यातल्या बहुतेकांचे गुन्हेगार पकडलेच गेले नाहीत. पोलीस एरवी भरपूर असतात, आंदोलन असलं की हजर, बाईने बोलावलं की नाहीत. मग नवऱ्याला माहीत असतं की हिला जायला जागा नाही. तो मारतो त्याची जबाबदारी त्याचीच, पण बाकी सगळी दारं बंद कोणी केली हेही विचारायला नको का?

आणि माझ्या आजींचीच गोष्ट सांगते. त्या ज्यू, हक्काने आल्या, तरी सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी बेने इस्राएल लोकांच्या ज्यू असण्यावरच शंका काढली होती, लग्न लावायला आईची आजी कोण होती ते सिद्ध करा म्हणायचे. १९६४ ला संसदेने ठराव केला तोपर्यंत ह्या लोकांनी उपोषणं, धरणी केली. आजी म्हणायच्या आम्हाला तिकडे भारतात यहुदी म्हणायचे आणि इकडे हिंदी. आणि हेच सोसून आलेल्या आजी खालच्या सुनेशी मात्र कधी धड बोलल्या नाहीत. मला ते कळत नसे, अजूनही कळत नाही, पण त्या खूप चांगल्या बाई होत्या हेही खरं आहे.

आश्रय मागणाऱ्यांचं पण बघितलं. सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळ्या केअरगिव्हर तेल अवीवच्या जुन्या बस स्टेशनकडे जमायचो, लेविन्स्की बागेत, तिथे सगळे सुदानी आणि एरिट्रियाचे लोक. २००६ पासून इजिप्तच्या सिनाईच्या वाळवंटातून चालत आलेले, नंतर सरकारने कुंपण घातलं. त्यातले सुदानच्या दारफूर भागातले लोक अरबी बोलतात पण त्यांना अरब म्हटलं तर चिडतात, कारण त्यांची गावं जाळली ती अरब टोळ्यांनीच. सरकारी कागदात ते सगळे एकजात 'घुसखोर'. होलोत नावाचं केंद्र होतं वाळवंटात, २०१३ ते २०१८, तिथे फक्त पुरुषांना बोलवायचे, मागे बायका पोरांना घेऊन एकट्या. पगारातून वीस टक्के कापून ठेवायचे, देश सोडलास की मिळतील म्हणून, ते कोर्टाने २०२० ला रद्द केलं. आश्रय मिळालेले शंभरात एकही नाही. एका बाईचा मुलगा आमच्याशी फक्त हिब्रूत बोलायचा, आईची भाषा त्याला येत नव्हती आणि ज्या देशाची भाषा येत होती त्या देशाचा तो नव्हता.

कुवेतहून_परतलेला (कुडचडे)

पासपोर्टाचा विषय निघाला म्हणून. मी कुवेतमध्ये सालमियाला नोकरी केली बरीच वर्षं, तिथे आमच्या स्टोअरमध्ये एक बिदून होता. बिदून म्हणजे अरबच, कुवेतातच जन्मलेले, पण १९५९ चा नागरिकत्वाचा कायदा आला तेव्हा आजोबा वाळवंटात होते, नोंदणी राहून गेली, आणि तेव्हापासून मुलं नातवंडं सगळी बेवारस. लाखभर तरी असतील. १९९० च्या आधी कुवेतच्या आर्मीत पोलिसात भरपूर होते, इराकी घुसले त्यानंतर सगळ्यांवर संशय, नोकऱ्या गेल्या. बरेच जण ब्रिटनला जाऊन आश्रय मागतात.

आता बायकांचं बघा. ह्याची आई कुवेती नागरिक! पण तिथे नागरिकत्व बापाकडून, आईकडून नाही. आईला पासपोर्ट, मुलाला काही नाही, शाळेला पण अडचण. आणि मी होतो तेव्हा कायद्यात अशी सोय की नवरा मेला किंवा कायमचा घटस्फोट झाला तर मुलांचा अर्ज घेता येतो. म्हणजे चांगला चाललेला संसार मुलांच्या भल्यासाठी मोडायचा का असा प्रश्न बाईपुढे. लेबनॉन, जॉर्डन, सिरिया, तिथे पण बाईला आपलं नागरिकत्व मुलाला देता येत नाही. इजिप्तने २००४ ला बदललं, मोरोक्कोने २००७ ला. आणि ते जाऊ दे, पॅलेस्टिनी निर्वासितांची नोंद ठेवणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे ना, तीसुद्धा निर्वासितपण बापाकडूनच धरते. बाईने बाहेरच्याशी लग्न केलं की तिची मुलं निर्वासित म्हणून नोंदली जात नाहीत.

आमच्या घरात भावाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला, आमचा बाबा १९६१ च्या आधी जन्मलेला म्हणून. भारताचा सोडावा लागला. पण त्याला घरी यायला कोणी अडवत नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) काढलं, चतुर्थीला येतो, माटोळी बांधतो. त्याने स्वतः निवडलं. त्या यार्मूकच्या मुलीला कोणी काही विचारलंच नाही, हा फरक आहे.

वकीलबाई_पणजी

आधी कामाचं. ताई, फॉर्म सी मध्ये स्वतःच्या मनाने काही लिहू नका, सिरियन पण नको आणि जर्मन पण नको. तिच्या प्रवासी कागदावर आणि भारताच्या व्हिसावर जे छापलंय तेच उतरवायचं. पासपोर्टच्या जागी प्रवासी दस्तऐवजाचा नंबर येतो. राष्ट्र नसलेल्या माणसाच्या कागदावर देशाच्या कोडच्या जागी 'एक्सएक्सए' असतं आणि निर्वासिताच्या कागदावर 'एक्सएक्सबी', ते बघून घाबरू नका, चुकीचं छापलेलं नाही. आल्यापासून चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरायचं, दोघींचे वेगवेगळे, काही अडलं तर पणजीला परदेशी नोंदणी कार्यालयात विचारा, पोर्टलचा स्क्रीनशॉट घेऊन जा. आणि एक आत्ताच त्यांना कळवा, असा कागद असलेल्यांना ई-व्हिसा मिळत नाही, तिला जर्मनीतल्या भारतीय दूतावासात रीतसर अर्ज करावा लागेल आणि वेळ लागू शकतो, तिकिटं आधी काढू नयेत.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्याकडे येमेन, सोमालियासारख्या ठिकाणांहून आलेल्यांची नोंद दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय करतं. ती पाहुणी म्हणून येतेय तेव्हा हे तिला लागू नाही, पण कोणी विचारलं तर माहीत असावं.

आता लग्नाच्या कायद्याबद्दल, कारण मारहाणीचा विषय त्याच्याशी जोडलेला आहे. इस्राएलमध्ये नागरी विवाह नाहीच. मुसलमानाचं शरिया कोर्टात, ख्रिश्चनाचं चर्चच्या, ज्यूचं रब्बींच्या, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंच्या, घटस्फोट पण तिथेच. २००१ ला कायदा बदलला तेव्हा मुसलमान आणि ख्रिश्चन बायकांना पोटगी, मुलांचा ताबा ह्यासाठी साध्या कौटुंबिक कोर्टात जाता यायला लागलं. तो बदल अरब बायकांच्या संघटनांनीच लावून धरला होता, आपल्याच समाजातल्या पुढाऱ्यांचा विरोध सोसून. २०१७ ला हाना खतीब तिथल्या शरिया कोर्टावर पहिली बाई काझी झाली. त्या बायका काही वाचवायला कोणी येईल म्हणून बसून राहिलेल्या नाहीत. आणि दुसरीकडे २००३ पासून असा कायदा आहे, मध्ये बंद पडला आणि २०२२ ला परत आणला, की हायफाच्या मुलीने रामल्लाच्या, म्हणजे इस्राएलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक ह्या पॅलेस्टिनी भागातल्या, मुलाशी लग्न केलं तर त्याला नागरिकत्व मिळत नाही. तिने घर सोडायचं का नवरा, ते तिने ठरवायचं.

आपण गोवेकर आपल्या नागरी कायद्याचा फार अभिमान बाळगतो, लग्न सगळ्यांचं एकाच रजिस्ट्रारकडे, बायकोचा अर्धा वाटा. बरोबर आहे. पण हिंदूंसाठीच्या १८८० च्या हुकूमनाम्यात मूल झालं नाही, मुलगा झाला नाही तर ठरावीक वयानंतर दुसरी बायको करायची मुभा होती आणि ते कलम आपण कधी धड फाडून टाकलं नाही. माझ्याकडे अर्धा वाटा कागदावर असलेल्या बायका येतात आणि भावांना सही देऊन जातात. तेव्हा डिचोलीकर, अरब बाई म्हणून वेगळी जात नाही हो.

त्यांच्याशी बोलायचं कसं विचारलंत ताई. डोकं झाकणाऱ्या मुलीला का झाकतेस हे पहिल्या दिवशी नको, युरोपात तिला रोज कोणीतरी तेच विचारतं. आणि हायफावालीने बहिणीचा विषय काढला तर ऐका, पण चार माणसांत तो विषय तुम्ही काढू नका, बाजूच्या खोल्यांत कोण बसलंय ते बघून.

माडांच्या_सावलीत (हरमल)

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी दोनदा वाचलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. व्हिसाचं लगेच कळवते. सासूबाई म्हणतात दोघींना बाहेरच्या खोलीत नको, घरातली माडीवरची खोली द्यायची. ती लोदची गोष्ट ऐकून त्या बराच वेळ चिडलेल्या होत्या, पोलिसांवर का आजींवर ते विचारलं नाही मी.

डिचोलीकर

लोदवाल्या ताई, तुमचं वाचून विचारतो, खरंच विचारतो. पोलिसात जायचं नाही, घरी सांगायचं नाही, मग ती बाई करते काय? त्या बहिणीसाठी काहीतरी असेल ना?

लोदला_होते (सावंतवाडी, आता म्हापसा)

आहे भाऊ. अरब बायकांनीच चालवलेल्या संस्था आहेत, नाझरेथला 'हिंसेविरुद्ध स्त्रिया' अशा अर्थाच्या नावाची एक, तिचा आसरा आहे, फोन लाइन आहे आणि समोरून अरबीत बोलतात, हे फार मोठं आहे, कारण मार खाल्लेल्या बाईला त्या वेळी हिब्रू सुचत नाही. तिच्या प्रमुख होत्या आयदा तौमा-सुलेमान, त्या पुढे खासदार झाल्या आणि २०१५ ला संसदेच्या महिला समितीच्या अध्यक्ष झाल्या, तिथे पोलिसांना समोर बसवून विचारायच्या की अरब बायकांच्या खुनांचा तपास का होत नाही. हायफालाच 'कयान' म्हणून एक आहे, ती गावागावांत बायकांचे गट करते. समलिंगी मुलींसाठी 'अस्वात' आहे, तीही हायफाची, कारण त्यांना तर घरचे आणि बाहेरचे दोघेही म्हणतात तू आमची नाहीस. वेस्ट बँकेतून जीव वाचवायला पळून आलेल्या अशा पोरांना इस्राएल आश्रिताचा दर्जा देत नाही, फार तर थोड्या दिवसांचा राहायचा परवाना, आणि त्या परवान्यावर काम करायची मुभा २०२२ ला कोर्टकचेरी झाल्यावर मिळाली.

आमच्या खालची सून शेवटी गेली होती एका संस्थेकडे. तिच्या सासूनेच नेलं तिला, टॅक्सी करून, मुलांना माझ्याकडे ठेवून. नवऱ्याला दोघींनी सांगितलं दातांच्या डॉक्टरकडे चाललोय.